एकाहत्तर इंचांचा फुटपाथ

ताई : नीट वाच. ह्यांना ऐकू जाईल असं वाच.

धाकटा : वाचलं की.

ताई : पुटपुटलास. तिसरी ओळ वाच, तोंड उघडून.

धाकटा : "सदर ठिकाणी एक पूर्णांक आठ दशांश मीटर रुंदीचा पदपथ उपलब्ध असतानाही जखमी इसम सायकल हातात धरून वाहनमार्गावरून चालत होता, सबब अपघातास तो स्वतः जबाबदार असल्याचे दिसून येते."

ताई : ऐकलंत? इसम म्हणतात तुम्हाला.

भावोजी : ऐकलं. प्लास्टर पायाला आहे, कानांना नाही. इसम तर इसम. लग्नाआधी तुझे वडील ह्याहून वाईट म्हणायचे.

ताई : हसण्यावारी नेऊ नका. दीड महिना झाला, पलंगावरून खिडकीपर्यंत जाता येत नाही तुम्हाला. आणि माझा सख्खा भाऊ कागद आणून दाखवतोय की चूक तुमचीच.

धाकटा : मी दाखवायलाच नको होता. हा अपघाताच्या अहवालाचा मसुदा आहे, ऑफिसच्या बाहेर काढायचा नसतो. गुरुवारी चौकशी आहे, तिथे एकदम तुझ्या अंगावर आदळू नये म्हणून आधी आणला.

ताई : उपकार झाले. आणि सोबतचा हा नकाशा? खाली कोपऱ्यात कुणाचं नाव आहे?

धाकटा : माझं. रस्ते विभागात नकाशे मी काढतो, हे काय तुला आज कळलं?

ताई : रस्ता रुंद केला तेव्हाचाच ना हा?

धाकटा : हो. दोन वर्षांपूर्वीचा.

ताई : आणि गुरुवारी त्यावर तू काय करायचंस?

धाकटा : एक ओळ लिहायची. "नकाशा प्रत्यक्ष जागेशी जुळतो." खाली सही. ती नुसती औपचारिकता असते, ताई.

ताई : तुझी औपचारिकता झाली की दोष ह्यांच्या माथी. ह्यांना उडवणारा गाडीवाला सुटला, तुझं ऑफिस सुटलं. लंगडतील हे, आणि वर लोक म्हणतील, स्वतःच्या चुकीने लंगडा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

धाकटा : मी कुणाला फाशी देत नाहीये. नकाशात पदपथ आहे. तो मी आज घुसडलेला नाही.

ताई : ती मापाची वही घे. शिवणयंत्राच्या खणातली. शेवटचं पान काढ.

धाकटा : हे काय? कुणाचे कोट शिवतेयस?

ताई : कोट नाही. आपल्या दुकानाच्या पायरीपासून ह्यांच्या छापखान्याच्या कोपऱ्यापर्यंत फुटपाथ मोजलाय मी. माझ्या टेपने, सव्वीस ठिकाणी. वाच.

धाकटा : अडतीस. पन्नास. बत्तीस. एकोणीस. शून्य. सव्वीस. शून्य. अकरा… हे सेंटिमीटर?

ताई : इंच. तुझं ते एक पूर्णांक आठ दशांश म्हणजे एकाहत्तर इंच, मी हिशोब करून घेतला. एकाहत्तर कुठेच नाही. बँकेसमोर पन्नास आहे, तेवढंच. जिथे ह्यांना उडवलं, तिथे विजेच्या पेटीत आणि भिंतीत अकरा इंच. माणसाचे खांदे अठरा असतात. बारक्या माणसाचे सोळा. मी पंचवीस वर्षं मापं घेतेय, अकरा इंचांचा माणूस अजून माझ्या दुकानात आला नाही.

भावोजी : आणि सायकल धरली की अडीच फूट लागतात.

धाकटा : भावोजी, राग मानू नका, पण सायकल तिथे न्यायचीच कशाला? त्या रस्त्यावर सायकलींना मनाई आहे. फलक आहे.

भावोजी : म्हणून तर उतरलो ना. फलक वाचला आणि उतरलो. तीस वर्षं त्याच रस्त्याने छापखान्यात जातोय. आधी कडेला सायकलींचा पट्टा होता, तो तुम्ही गाड्यांच्या तिसऱ्या रांगेत घातलात. मग मनाईचा फलक लावलात. बरं, म्हटलं, हातात धरून चालू. चालवली तर गुन्हा, धरली तर चूक. डोक्यावर घेऊन जायचं का सांग, तेही करून बघतो. पाय बरा झाल्यावर.

धाकटा : पेटी नंतर बसली असेल. वीजवाले न विचारता बसवतात. नकाशा काढला तेव्हा नसेल.

ताई : भिंत पण वीजवाल्यांनी पुढे सरकवली का? खांब? आणि शून्य आहे तिथे काय, सांग बरं.

धाकटा : पाठ नसतं सगळं.

ताई : पाहणी केली होतीस ना? ह्याच कागदात मागे लिहिलंय, "स्थळपाहणी केली." तुझीच सही. मग सांग, दुकानापासून चौथ्या खांबापाशी काय आहे?

धाकटा : ताई, दोन वर्षं झाली. शेकडो रस्ते बघतो मी.

ताई : चौथा खांब. रोज तिथून निम्मी गल्ली जाते, पोरंसोरं सांगतील. काय आहे?

धाकटा : …झाड?

ताई : उघडं गटार आहे. त्यावर आपल्या मोरीचा जुना दरवाजा टाकलाय. मी आणि समोरच्या चष्मेवाल्याने उचलून नेला, बिजागऱ्यांसकट. तू रस्ता रुंद केलास त्याच महिन्यात. पाहणी केली म्हणे.

धाकटा : केली होती पाहणी.

ताई : चालत?

धाकटा : ती तशी करत नाहीत.

ताई : मग कशी करतात?

धाकटा : गाडीतून. गाडीच्या टपावर कॅमेरा असतो, तो सगळं टिपतो. सात किलोमीटर रस्ता होता, चालत केला असता तर आठवडा गेला असता. डांबर संपतं ती कड आणि समोरची भिंत, ह्यातलं अंतर चित्रावरून काढायचं. तेवढी पदपथाची रुंदी.

ताई : मधलं? खांब, पेट्या, पायऱ्या, गटारं?

धाकटा : ते वजा करायचं असतं. नंतर. त्याचा रकाना आहे.

ताई : केलंस?

धाकटा : कुणीच करत नाही, ताई. वेळ नसतो.

भावोजी : काच वर होती की खाली?

धाकटा : काय?

भावोजी : गाडीची काच. आपला उगीच विचारतो.

धाकटा : …वर. उकडत होतं.

ताई : उंटावरून शेळ्या हाकल्यास. आणि त्या शेळ्यांतली एक घरचीच निघाली.

धाकटा : तू माझ्यावर ओरडून काय होणार? मी ठरवतो का हे? वरून येतं. इतक्या गाड्या धावतात, सबब इतक्या रांगा पाहिजेत. मोजणी होते, तिच्याप्रमाणे सगळं होतं.

ताई : कशाची मोजणी?

धाकटा : वाहतुकीची. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकतात. चाक गेलं की हवा दाबली जाते, आकडा पडतो.

ताई : आणि माणूस गेला की?

धाकटा : माणसाने नाही पडत.

ताई : सायकलने?

धाकटा : कधी पडतो, कधी नाही. वजन कमी असतं.

ताई : म्हणजे आम्ही हिशोबातच नाही. जात नाही म्हणून नव्हे, जड नाही म्हणून. अरे, सकाळी आठला उतर कधी खाली. शाळेची पोरं, दवाखान्यातल्या आया, छापखान्याची पाळी, दुकानं उघडणारे, सगळे पायी. त्यांच्या शेजारून गाडीत एकेकटा माणूस चार चार खुर्च्या घेऊन फिरतो, त्याला तीन रांगा. आणि आम्हाला?

धाकटा : तुम्हाला पदपथ ठेवलाय.

ताई : ठेवलाय? काढतोस कसा तू तो? मला दाखव. ही घे पेन्सिल.

धाकटा : आता हे कशाला?

ताई : मला बघायचंय. माझा भाऊ काय काम करतो ते इतक्या वर्षांत मी बघितलंच नाही. काढ.

धाकटा : हे बघ. आधी रस्त्याच्या मधोमध रेघ. मग तिच्या डाव्या-उजव्या बाजूला रांगा. साडेतीन मीटर, साडेतीन मीटर, साडेतीन मीटर. मग गाड्या उभ्या करायला अडीच. मग कडेचा दगड.

ताई : आणि मग?

धाकटा : मग जे उरेल त्याला तिरक्या रेघा. तो पदपथ.

ताई : जे उरेल.

धाकटा : पद्धत आहे ती. मधून बाहेर काढत जायचं. सगळे असंच काढतात, मला शिकवलंच असं.

ताई : कापडाचं जे उरतं त्याला आम्ही चिंधी म्हणतो. तू माणसांना चिंधीवरून चालवतोस. मी गिऱ्हाइकाला सांगू का, आधी खिसे शिवते, मग कॉलर, मग जे उरेल त्यात तुमचं अंग घाला? जोडा काढून मारेल ते मला, आणि बरोबर करेल.

धाकटा : झालं तुझं?

ताई : नाही झालं. दीड महिना मी दातांवर दात ठेवून आहे. दवाखान्यात तू फळं घेऊन आलास, डोळे पुसलेस. तेव्हा नकाशा तुझा आहे हे बोलला नाहीस.

धाकटा : तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भावोजी : आलं होतं रे. तू त्या दिवशी माझ्या पायाकडे एकदाही बघितलं नाहीस.

धाकटा : भावोजी, तुम्ही पण?

भावोजी : मी काय बोलणार. तो गाडीवाला पोरगा उतरला होता, माहितीये? माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. रस्ताच असा सरळसोट, रुंद की पायाखालची गाडी आपसूक पळते, म्हणाला. त्याच्यावर माझा राग धरत नाही. प्रयत्न केला, पण नाही धरत. तुझ्यावर धरतो. तू ओळखीचा आहेस, तुला चालता येतं, आणि तू चालला नाहीस.

धाकटा : मी गुरुवारी "जुळत नाही" असं लिहिलं, तर पहिला प्रश्न येणार, मग स्थळपाहणीची सही कशी केलीस. ती सही खोटी ठरणार. निलंबन. माझ्या साहेबांची सही माझ्या वर आहे, त्यामुळे ते मला वाचवणार नाहीत, उलट मलाच पुढे ढकलतील. घरी दोन पोरं आहेत. एवढं तरी बघ ना, ताई.

ताई : बघितलं. तुझी पोरं शाळेत कशी जातात?

धाकटा : गाडीने. सोडतो मी.

ताई : का? शाळा तर तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

धाकटा : तो रस्ता चालण्यासारखा नाही.

भावोजी : अरे देवा.

धाकटा : हसू नका.

भावोजी : हसत नाहीये रे. हसलो की बरगडी दुखते.

ताई : आणि आत्ता गाडी कुठे लावलीस?

धाकटा : खाली. दुकानासमोर.

ताई : रस्त्यावर?

धाकटा : रस्त्यात कशी लावणार, वाहतूक अडेल. कडेला घेतलीय. दोन चाकं वर आहेत, फक्त दोन.

ताई : म्हणजे माझ्या पायरीसमोरचे जे अडतीस इंच होते, तेही गेले. वहीत खोडते मी.

धाकटा : काढतो गाडी. निघतोच मी आता.

ताई : गाडी राहू दे. चप्पल घाल. कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत चल.

धाकटा : आत्ता? ऑफिसं सुटायची वेळ आहे, रस्त्यावर मुंगीला जागा नसेल.

ताई : हे त्याच वेळेला येत होते. चल.

भावोजी : जा रे. मी कुठे पळून जात नाही.

(दोघं जिना उतरून रस्त्यावर येतात आणि छापखान्याच्या कोपऱ्याकडे चालू लागतात. पुढचं बोलणं गाड्यांच्या आवाजावर मात करून.)

धाकटा : इथे तर चांगला आहे की.

ताई : ही बँक. बँकेत येणारे गाडीतून उतरतात, त्यांच्या पायांना फुटपाथ लागतो. पावलं मोज.

धाकटा : तीस, एकतीस… संपला.

ताई : संपला ना? आता हा खांब. डावीकडून जा. उजवीकडून गेलास तर गाडीचा आरसा लागतो हाताला, मागच्या बाजूने येतो, कळतही नाही. चष्मेवाल्याच्या बायकोचं कोपर गेलं.

धाकटा : ती बाई का थांबलीय?

ताई : बाळाची गाडी आहे तिच्याकडे. वाट बघतेय.

धाकटा : कशाची?

ताई : गाड्यांत फट पडायची. पडली की खाली उतरून पळायचं, पेटीच्या पुढे परत वर चढायचं. काल मी मोजलं, सात मिनिटं उभी होती एक. शेवटी घरी परत गेली. तुझ्या नळीला ते पण कळत नसेल, परत गेलेलं माणूस.

धाकटा : नाही कळत.

ताई : साहेबांना वाटत असेल, बायका चालतच नाहीत ह्या रस्त्याने. हा बघ चौथा खांब. दरवाजावर जपून पाय टाक, मधली फळी कुजलीय.

धाकटा : कडी पण आहे अजून ह्याला.

ताई : असू दे. पुढे बघ. ही पेटी.

धाकटा : ही?

ताई : ही. आडवा होऊन जा बघू.

धाकटा : खांदा अडकतो.

ताई : पोट आत घे.

धाकटा : पोट नाही, खांदाच. छाती पण. नाही जात, ताई.

ताई : तुझ्या कागदावर इथे तीन माणसं शेजारी शेजारी जातात. बघ परत प्रयत्न करून.

धाकटा : नाही जात म्हटलं ना.

ताई : मग?

धाकटा : मग खाली उतरावं लागेल.

ताई : उतर. तो डांबरावर पोलिसांनी मारलेला पांढरा रंग दिसतोय? पुसट झालाय. तिथे पडली होती सायकल. ह्यांचा जोडा त्या तिकडे, बँकेच्या दारात मिळाला.

धाकटा : एवढ्या लांब?

ताई : उतर. मी सांगते म्हणून नको. कोपऱ्यावर जायचं असेल तर दुसरी वाट आहे का, ते बघ आणि उतर.

धाकटा : थांब. ही जाऊ दे. ही पण. थांबतच नाहीत की गं.

ताई : का थांबतील? त्यांना थांबायला तू सांगितलंयस कुठे?

धाकटा : आता. चल, पटकन. ताई, माझा हात धर—

मोटारवाला : ओ, जीव नको झालाय का? एवढा फुटपाथ बांधून दिलाय तो कशाला? वरून चाला ना, बेअक्कल.

ताई : दे उत्तर. तुलाच बोलला.

धाकटा : गेला तो.

ताई : ते जातातच. लागलं का?

धाकटा : आरसा लागला. दंडाला. काही नाही, फाटलीय बाही नुसती. त्याने बरोबर माझंच वाक्य म्हटलं.

ताई : त्याच्या तोंडी तूच घातलंस ते. काच वर असली की आतून फुटपाथच दिसतो, माझ्या मापाची वही नाही दिसत.

धाकटा : ताई, गुरुवारी मी लिहितो. जुळत नाही म्हणून.

ताई : आत्ता रस्त्यात उभ्या उभ्या शब्द देऊ नकोस. घरी गेलास की बायकोचं तोंड दिसेल, पोरं दिसतील, मग तुला साहेब आठवतील.

धाकटा : आठवतील. आत्ताही आठवतायत. तुझी वही दे मला. सव्वीस मापं तशीच उतरवतो, आणि खाली लिहितो, आधीची पाहणी गाडीतून केली होती, ती पाहणी नव्हती. मग काय करायचं ते करू देत.

ताई : निलंबित करतील, म्हणालास.

धाकटा : करतील.

ताई : मी तुला नको म्हणेन, असं वाटतंय का तुला?

धाकटा : लहानपणी म्हटलं असतंस.

ताई : लहानपणी तू चालायचास.

धाकटा : वही देशील ना?

ताई : देते. पान फाडून नाही, सबंध देते. मागे लोकांचे कोट आहेत, ते पण बघू देत तुझ्या साहेबांना, माणूस केवढा असतो ते. चल आता परत. हे एकटे आहेत.

धाकटा : त्याच वाटेने?

ताई : दुसरी कुठे आहे?

धाकटा : मग तू आतल्या बाजूने चल. मी रस्त्याकडून चालतो.

ताई : इथे आतली बाजूच नाही रे.